म्हशीच्या गळ्यातला कॅमेरा

बाळांनो, तुमची आई समुद्री कासवांच्या पाठीवर कॅमेरे चिकटवते, हे आमच्या माकणी गावात पटवून देणं मी केव्हाच सोडलं. धरणाहून मोठं पाणी इथं फारसं कोणी पाहिलेलं नाही. "एवढी शिकली, अन् कासवाचं फोटू काढती?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या इंग्रजी शाळेतही शिकवलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा म्हैस संध्याकाळी निम्मंच दूध देत होती. मी मापानं मोजते, त्यामुळे चूक संभवत नाही. दिवसभर तिला चारायला नेणारा म्हातारा गुराखीच मधे धार काढतो, असा निष्कर्ष मी शिस्तीत काढला आणि "सोमवारपासून येऊ नका," असं त्याला सांगूनही टाकलं. आमच्याशिवाय कोणाची गुरं त्याच्याकडे नव्हती.

"पुरावा?" तुमच्या आईनं विचारलं. मी दुधाचं माप पुढं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कासवाचा कॅमेरा म्हशीच्या गळ्यात बांधला आणि आंघोळीला गेली. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, ही आपली रीत. मी बोटभर लावलं, नेमकं काचेवर. कपाळासारखी जागा तेवढीच होती.

संध्याकाळी गुराख्याला बोलावून सगळे लॅपटॉपसमोर बसलो. पडदा लालभडक. त्यातून तुमच्या आजोबांचा आवाज आला, "बघा, बाईनं कॅमेऱ्याचा डोळाच बुजवलाय. आता बिनघोर!"

मग म्हैस धरणात डुंबली. कुंकू धुऊन निघालं आणि चित्र स्वच्छ झालं. बाभळीखाली तीन दगडांची चूल, भोवती आजोबांचे दोस्त. आजोबा तांब्या घेऊन म्हशीजवळ आले, तिला गूळ चारला, आणि मागं गेले. धारेचा आवाज.

"घरी दोन कपाच्या वर च्या मागितला की डॉक्टरचा कागद दावती," ते दोस्तांना सांगत होते. "घाल रं साखर!"

आजोबांना तेवढ्यात पारावरचं काम आठवलं.

"माझं चुकलं," मी गुराख्याला म्हणाले. "सोमवारी या. पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"मालकाचं नाव कसं घ्यावं, बाई?" तो काठी उचलत म्हणाला, "अन् च्या म्या बी पिलो की."

आता दुपारचा चहा मीच थर्मासमधून पाठवते, बिनसाखरेचा. दूध मापात आलं आहे. गुराखी सांगतो, दोस्त मात्र यायचे बंद झालेत.