सात-आठचा फोन

मी नववीत होते तेव्हा मला अमेरिकेतली मैत्रीण मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. चोपड्याला आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी कुठून तरी परदेशी मुलींचे पत्ते मिळवले होते आणि आम्हा पाच जणींना एकेक वाटून दिला होता. चौघींना उत्तरंच आली नाहीत. मला मात्र तिसऱ्या आठवड्यात आलं. ओहायो नावाच्या राज्यातून, माझ्याच वयाच्या मुलीचं. पोस्टमननं पाकीट हातात देताना त्यावरचं तिकीट दोनदा निरखलं. त्या दिवशी मी ते पत्र इतक्या वेळा उघडलं की संध्याकाळपर्यंत घडीवर फाटायला आलं.

एप्रिलच्या शेवटी मी तिला आमच्या उन्हाबद्दल लिहिलं. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे वाक्यं छोटी. ‘इथे सध्या पंचेचाळीस अंश आहे. आई आम्हाला घराबाहेर जाऊ देत नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही.’ याहून जास्त काही सांगायची गरज मला वाटली नाही.

मे महिन्याच्या शेवटी पोस्टातून निरोप आला, परदेशातून पार्सल आलंय. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते दुपारी ऑफिसातून जेवायला येताना पार्सल घेऊन आले. दुपारचे दोन वाजले होते. खिडक्यांना ओले पडदे लावलेले, तरी फरशी पायाला चटके देत होती. मी दोरी कापली. आतून निघाली जाड, निळी लोकरीची टोपी आणि त्याच लोकरीचे हातमोजे.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे वसंतात एवढी थंडी असते हे मला माहीतच नव्हतं. हे आजीनं आणि मी मिळून विणलंय. आमच्याकडे काल ऐंशी अंश होतं. आम्ही तळ्यावर पोहायला गेलो, छान हवा होती.’

“ऐंशी,” नाना म्हणाले. “ऐंशीला चहाचं पाणी होतं. ही पोहते कशी?”

“चुकून लिहिलं असेल. अठरा असेल.”

“मग तू पंचेचाळीस लिहिलंस त्याची तिला थंडी का वाजली?”

आई दारात गहू निवडत बसली होती. तिचं माहेर खेड्यातलं, शाळा चौथीपर्यंतची, आणि घरात ती खान्देशीच बोलायची. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मांगला महिनामा तुले ताप उना व्हता, तो कितला व्हता?”

“एकशे दोन.”

“मंग शंभरले पानी उकळस ना? तुनं आंग काबरं नही उकळनं?”

डॉक्टरांचा तापाचा थर्मामीटर वेगळा आणि रेडिओवरचं तापमान वेगळं, हे नानांना आणि मला, दोघांनाही माहीत होतं. फॅरनहाइट आणि सेल्सिअस मी परीक्षेत लिहूनही आले होते. पण ती दोन मापं एकाच घरात, एकाच अंगावर आणि हवेवर आपण वापरतो हे आईनं बोट ठेवेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. नानांनी पार्सलच्या कागदावरच गणित मांडलं. तिकडे हवाही तापाच्याच मापानं, फॅरनहाइटमध्ये मोजत असणार; मग तिचे ऐंशी म्हणजे आमचे सत्तावीस. आमचे पंचेचाळीस म्हणजे तिचे एकशे तेरा.

मला आनंदानं बसवेना. मी टोपी आणि मोजे घालून आरशासमोर उभी राहिले, मिनिटभरात घामानं निथळले, आणि लगेच पत्र लिहायला घेतलं. एकशे तेरा हा आकडा मी तीनदा गिरवून ठळक केला.

जूनच्या अखेरीला तिचं उत्तर आलं. माझं पत्र तिनं घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तिच्या वडिलांना त्या आकड्याची इतकी गंमत वाटली की त्यांनी तिला भारतात एक फोन करायची परवानगी दिली. आमच्या घरी फोन नव्हता. समोरच राहणाऱ्या केळीच्या व्यापाऱ्यांचा नंबर मी तिला आधीच कळवला होता. त्यांना आख्खी गल्ली आबा म्हणायची. त्यांचा दिवस दिल्लीच्या बाजाराशी फोनवर मोठ्यानं बोलण्यात जायचा. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘मी ७/८ ला फोन करीन. माझी सकाळ, तुझी संध्याकाळ.’

सात ऑगस्ट. म्हणजे महिनाभराहून जास्त वेळ होता. मी दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती लाल गोल काढला. इंग्रजीच्या बाईंनी काय बोलायचं ते लिहून द्यायचं कबूल केलं. जुलैच्या शेवटी तयारी सुरू करू, असं आमचं ठरलं.

आठ जुलैला संध्याकाळी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते. पाऊस नुकताच थांबला होता. तेवढ्यात आबांच्या पत्नी, अक्का, पदर खोचून चिखलातून आमच्या दारात आल्या. त्यांना धाप लागली होती.

“चाल लवकर. तुनी अमेरिकावाली शे फोनवर.”

“आज कशी असेल, अक्का? ती पुढच्या महिन्यात करणार आहे.”

“आते तिले तूच इचार.”

मी तशीच पळाले. चप्पल घातली नाही. आबा रिसीव्हर दोन्ही हातांत धरून उभे होते, काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसे. माझ्या पिठाच्या हातांनी रिसीव्हर चिकट झाला. मुंबईच्या ऑपरेटरनं बोला म्हटलं आणि मग समुद्रासारखी घरघर, आणि त्यातून एक बारीक आवाज माझं नाव घेत होता. चुकीचं घेत होता, पण माझंच.

माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. तोंडातून इंग्रजीत निघालं ते एवढंच, “आज आठ जुलै आहे.”

“हो,” ती म्हणाली. “सात, आठ.”

“आमच्याकडे आठ, सात.”

तिच्या हसण्याचा आवाज आला, आणि तिच्यामागे आणखी कोणाकोणाचा. तिकडे महिना आधी लिहितात, हे मला भर आबांच्या ओसरीत, चिखलानं माखलेल्या पायांनी उभं असताना कळलं. मीही हसायला लागले. आबा आणि अक्का काही न समजता हसत होते.

“केळी कशी डझन तिकडे, इचार,” आबा कुजबुजले.

मी विचारलं. ती म्हणाली, डझनावर नाही, पौंडावर मिळतात.

“पौंड तर इंग्लंडचा पैसा ना?” आबांनी मला विचारलं. तो घोळ निस्तरायला वेळ नव्हता. तिनं विचारलं, तू उंच किती? मी शाळेच्या तपासणीतला आकडा सांगितला, एकशे बावन्न सेंटिमीटर. तिला बोध होईना. तिनं तिचे फूट आणि इंच सांगितले, ते घरघरीत मला ऐकूच आले नाहीत. तेवढ्यात तीन मिनिटं संपली.

घरी आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. आई आणि नाना दारातच उभे होते. मी सगळं उलटसुलट सांगत सुटले. उंचीचं राहून गेलं म्हटल्यावर आई म्हणाली, “आकडा कशाले धाडतस? दोरा धाड.”

दुसऱ्या दिवशी तिनं मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत शिवणाचा पांढरा दोरा मोजून तोडला. तो गुंडाळून मी पाकिटात घातला आणि मैत्रिणीलाही तसंच करायला सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी तिचं पाकीट आलं. त्यात हिरवी फीत होती. नानांनी तिचं एक टोक जमिनीवर दाबून धरलं, आईनं दुसरं वर ओढलं, आणि मी शेजारी पाठ टेकून उभी राहिले. माझ्या डोक्याच्या वर चार बोटं फीत उरत होती. आईनं ती चार बोटं पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मी मान वर करून त्या टोकाकडे बघत होते. इतके महिने पत्रात असलेली मुलगी आमच्या घरात, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती.