तेराव्याच्या दिवशी दिलेलं माप

आप्पांच्या तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले, आणि दुपारी चारला माझा मोठा भाऊ विगचं माप द्यायला निघाला. आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते.

दादाला पंचविशीतच टक्कल पडलं होतं. कडेने कुरळ्या केसांची झालर आणि मध्ये मैदान. स्थळांना तो कॉलेजातला केसाळ फोटो पाठवायचा. फोटो पसंत पडायचा, माणूस दिसला की नकार यायचा. त्यात आता घाई होती. घरात कोणी गेलं की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्या गावाकडची, रत्नागिरीची रीत. शिवाय आईचा हट्ट, की आधी सून घरात येऊ दे, मग मुलगी जाऊ दे. म्हणजे माझं लग्न त्याच्या टकलावर अडकलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्यासाठी एक चांगलं स्थळ ताटकळत बसलं होतं. किळस येऊनही त्याच्याबरोबर गेले ती त्यामुळेच.

दहाव्याला त्याने मुंडण केलं होतं. डोकं गुळगुळीत आहे तोवरच माप द्यावं, असं त्या सुपीक डोक्यात आलं. बापाच्या मरणातही याला सोय दिसली. मला सोबत घेतलं ते ओळखीचं कोणी भेटलं तर बहिणीसाठी गंगावन घ्यायला आलोय, असं सांगता यावं म्हणून. शांती नगरातल्या आमच्या घरापासून हाटकेशमधल्या विगवाल्याच्या गाळ्यापर्यंत साहेब डोक्याला रुमाल बांधून चोरासारखे चालले होते.

विगवाला मात्र कामाचा माणूस होता. त्याने कपाळावरून, कानांच्या वरून, मानेमागून टेप फिरवली. मग कपाळापासून मानेपर्यंत, मग या कानापासून त्या कानापर्यंत. तो आकडे सांगत होता, मी वहीत लिहीत होते. दादा ताठ बसला होता. दहाव्याला भटजींसमोर दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा हा माणूस इथे पापणीही हलवत नव्हता. टेप गुंडाळता गुंडाळता विगवाल्याने सहज विचारलं, "घर में कुछ हुआ है क्या? या हमेशा ऐसा सफाचट ही रखते हो?"

"हमेशा," दादा म्हणाला. "घर में सब ठीक है."

माझ्या हातातलं पेन थांबलं. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणतो कसा, सुतकातला माणूस म्हणून त्याने परत पाठवलं असतं तर? सुतक त्याच सकाळी फिटलं होतं, आणि दक्षिणा यानेच दिली होती.

विग आला आणि चपखल बसला. आईने आरशासमोर त्याची दृष्ट काढली, म्हणजे तिचीही बुद्धी गहाण पडलेली. महिन्याभरात खालची झालर वाढली आणि विग वर चढायला लागला. सकाळी भुवयांजवळ ओढून बसवलेला, संध्याकाळी टाळूवर. तक्रार घेऊन गेला तेव्हा विगवाल्याने शांतपणे सांगितलं की तुम्हीच हमेशा म्हणालात, मी हमेशाचं माप घेतलं. मग दर तीन दिवसांनी झालर भादरायची आणि वर विग चढवायचा, असा उद्योग सुरू झाला. केस असावेत म्हणून आहेत तेही काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

भाईंदरच्या एका घरी कांदेपोह्यांना जायचं ठरलं, त्या दिवशी सकाळी ओढाताणीत विगची शिवण फाटली. दादा रडकुंडीला आला. आप्पा गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेवटी त्याने उरलेलं डोकं साफ भादरलं आणि तसाच आईला नि मला घेऊन निघाला.

मुलीचे वडील त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "वडिलांचं का?"

दादाने क्षणभर विचार केला. तो क्षण फक्त मला दिसला. मग मान खाली घालून म्हणाला, "हो. वर्ष होईपर्यंत केस ठेवायचे नाहीत, असं ठरवलंय."

त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले. असा मुलगा आजच्या जमान्यात शोधून सापडणार नाही, असं ते आईला म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला. तिला तरी काय खरं आणि काय खोटं कळत होतं, देव जाणे.

मी बश्या ठेवायला स्वयंपाकघरात गेले. मुलगी मागोमाग आली आणि दार लोटून उभी राहिली. चेहरा हुशार होता. म्हणाली, "बाबांचं काय, त्यांना लगेच भरून येतं. तुम्ही बहीण आहात म्हणून विचारते. हे खरंच वडिलांसाठी आहे ना?"

मला ते ताटकळलेलं स्थळ आठवलं. मी म्हटलं, "हो. त्याचा आप्पांवर फार जीव होता."

ती हसली, अगदी निर्धास्त. वर्षाच्या आत आमची दोघांची लग्नं झाली. दादाला मी आयुष्यभर नावं ठेवली, आजही ठेवते. पण त्याने फसवलं ते तिच्या वडिलांना. तिने विचारलं होतं मला.