राक्षसाचा दुखरा पाय

"म्हतारी मरी गई!" माझी धाकटी जाऊ भर थेटरात मोठ्याने म्हणाली आणि उठून उभी राहिली. पडद्यावर गुहा कोसळली होती, नाव चालवणारी म्हातारी दगडांखाली गेली होती आणि ढोल बडवणं चालू होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, बसा ना खाली!" ती बसली नाही. अंधारात पायाने चपला शोधल्या आणि चालू लागली. मी आणि माझी नात तिच्या मागे धावलो. जिन्यात थांबून ती मला म्हणाली, "अक्का, माले नही जानं दवाखानामा."

दवाखान्यात जायचं होतं सोमवारी. तिच्या पोटात गाठ होती आणि जळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता. घरात बसून ती नुसती भिंतीकडे बघायची, म्हणून मी रोज दुपारी तिला एक पुस्तक वाचून दाखवायला लागले होते. हा सिनेमा त्याच पुस्तकावरचा. पुस्तक नातीला कॉलेजात बक्षीस मिळालेलं. तिने उघडलंही नव्हतं. "एवढं जाड कोण वाचणार? सिनेमा येतोय, तोच बघीन," म्हणाली होती. आमचं अर्धं झालं होतं तोवर सिनेमा धुळ्यात लागला आणि तिनेच हौसेने तिकिटं काढली.

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर आयुष्यभर श्रावणातली पोथी वाचली, दुसरं काही नाही. त्यामुळे हे पुस्तकही मी तसंच वाचत होते, मोठ्याने, ओळीखाली बोट ठेवून. शेजारची पिंजाऱ्यांची आपा रजईला टाके घालत ऐकायला बसायची. गोष्ट अशी की एका राक्षसाने नदी चोरली, लुगड्यासारखी घडी घातली आणि गुहेत पायाखाली दाबून ठेवली. गावं तहानेने मरायला टेकली. मग ती म्हातारी नदी आणायला निघते. तिची नाव कोरड्या वाळूत पडलेली, सोबत दोन पोरं आणि एक लंगडी शेळी. पुस्तकात म्हाताऱ्या बाईला कुणी एवढं मोठं काम दिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मला ते फार आवडलं.

जाऊने मात्र त्यात कौल लावून ठेवला होता, हे मला जिन्यात कळलं. तिच्या माहेरी, पिंपळनेरकडे, बैल विकायचा तरी देवाला कौल लावून विचारत. तिने मनात धरलं होतं की म्हातारी गुहेतून परत आली तर आपणही ऑपरेशनच्या टेबलावरून उठू.

"तिनं जे व्हई, ते मनं व्हई," ती म्हणाली.

"वेडी आहेस. सिनेमावाल्यांनी बदललं असेल."

"बठ्ठा लोकेसनी देखं, मरी गई ती." सगळ्यांनी पाहिलं, हाच तिचा पुरावा.

घरी आल्यावर मी पुस्तक काढलं आणि म्हटलं, थांब, शेवटचं पान बघते. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "पोथीना शेवट आधी कोनी वाचस का?"

"आणि धरलेली पोथी कोणी अर्धी सोडतं का?" मी विचारलं.

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"मग बस खाली," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी उरलेलं वाचायला सुरू केलं. भाकरी नातीने केल्या, जाड आणि कच्च्या. शेळी मेली तेव्हा तीच नात मोबाईल बाजूला टाकून रडायला लागली. सिनेमात शेळी नाचते, पुस्तकात मरते. आपा म्हणाली, "अक्का, रुको मत, मेरी सुई अटक गई है." रविवारी माझा घसा बसला. नातीने चार पानं वाचली, पण फार भराभर. जाऊ म्हणाली, "हाई वाचस का पयस?" ही वाचते की पळते, म्हणे. आपाने मिठाचं गरम पाणी आणून दिलं, मी गुळण्या केल्या आणि पुन्हा बसले. कंटाळा कुणालाच नव्हता. मी तर जेवतानाही पुढचं काय होणार तेच बोलत होते.

दुपारी म्हातारी गुहेत शिरली. छताला तडा गेला. इथवर सगळं सिनेमासारखंच. जाऊने रजईचं टोक मुठीत धरलं. तिला वाचता येत नाही, मी काहीही बनवून सांगू शकले असते. पण मला बनवता येत नाही आणि ती माझा आवाज ओळखते. पान उलटलं.

सिनेमात इथे पोरं बाण मारतात. पुस्तकात म्हातारी राक्षसाच्या पायाकडे बघते. पाय सुजलेला. इतकी वर्षं नदीवर एकाच जागी उभा राहून बिचाऱ्याला तो उचलताच येत नाही. म्हातारी विचारते, दुखतो का रे? मग स्वतःच्या कंदिलातलं तेल हातावर ओतते. कंदील विझतो. मिट्ट काळोखात ती त्याचा पाय चोळत बसते आणि त्याला रागावते की आधी सांगायचं नाही का.

"अगं बाई!" जाऊ ओरडली. "मंग?"

मग पाय उचलला गेला. नदीची घडी उलगडली. छत कोसळलं ते राक्षसाने पाठीवर धरलं आणि पाण्याने म्हातारीला उचलून थेट तिच्या नावेजवळ नेऊन टाकलं. ती चिंब भिजलेली, शिव्या देत होती.

आपाने रजईवर धपकन हात मारला. जाऊ हसता हसता पोट धरून "दुखस, दुखस" करायला लागली. नात म्हणाली, "हे सिनेमात का नाही घेतलं?"

"पाय चोळणाऱ्या म्हातारीवर ढोल कसे वाजवणार?" मी म्हटलं.

"वाचा अजून एकदा," जाऊ म्हणाली, "तेल ओतस तठेथून." मी वाचलं. नंतर तिने तिची पिशवी भरायला घेतली.

सोमवारी ती आपल्या पायांनी गाडीत बसली. पुस्तकाने गाठ काढली नाही, डॉक्टरांनी काढली. गाठ साधी निघाली. माझी जाऊ जिवंत आहे.