न दिलेला पोपडा

मंगळवारी सकाळी ताई गेली. चित्र टेबलावर होतं.

ते तिनं कागजीपुऱ्याच्या हातकागदावर केलं होतं. रस्ता रुंद करताना आमच्या मागच्या वस्तीतली घरांची एक रांग पाडली गेली. ताई ढिगाऱ्यावर जायची, त्या घरातल्या बाईकडून तिच्या भिंतीचा पोपडा मागून आणायची, खलबत्त्यात कुटून डिंकात कालवायची आणि त्याच रंगानं कागदावर ते घर उभं करायची. दाराच्या जागी त्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी शिवायची. निळ्या, पोपटी, गुलाबी भिंती झाल्या. मध्ये एका घराएवढी जागा कोरी राहिली.

तिथल्या बाईनं पोपडा दिला नव्हता. मी म्हटलं, तसाच रंग बाजारातून आणू. "ती नाही म्हणाली ना," ताई म्हणाली, "मग चित्रात तेच येईल." त्या कोऱ्या जागेभोवती तिनं काळा दोरा घातला आणि खाली सही केली.

तेराव्यानंतर एका कलादालनाचे गृहस्थ भेटायला आले. ताईबद्दल चांगलं बोलले. मग चित्र पाहून हळहळले. दालनाच्या येत्या प्रदर्शनात त्याखाली 'अपूर्ण राहिलेलं अखेरचं चित्र' अशी पाटी लावू, लोकांना भिडेल, असं त्यांचं म्हणणं. मी सही दाखवली; बाईनं पोपडा दिला नाही म्हणून ताईनं ती जागा मुद्दाम कोरी ठेवलीय, असं सांगितलं. सर, दुःखात माणसाला तसं वाटतं, असं म्हणून त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. त्या बाईंकडून पोपडा आणा, आमची विद्यार्थिनी जागा भरून देईल. आता ताईच राहिल्या नाहीत म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

मी भांडणारा माणूस नाही. मी विचारायला गेलो.

बाई आता भाड्याच्या खोलीत राहते. ताईचं तिला कळलं होतं. डोळे पुसत तिनं चहा ठेवला. मी कसंबसं विचारलं. तिनं फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. पोपडा त्यातच होता.

"घर नेलं, आता भिंतबी न्यायची व्हय? तवा नाय म्हनले, आताबी नायच." कपात चहा ओतत ती पुढं म्हणाली, "तुमची बहीन एकदाच इचारून गेली, दादा. परत तोंडातून काढलं नाय. म्हनून लई आवडायची मला."

चहा संपेपर्यंत मला वर बघवलं नाही.

घरी येऊन गृहस्थांना फोन केला. पाटी लागणार नाही, जागा भरली जाणार नाही, असंच न्यायचं असेल तर न्या, असं सांगितलं. लोकांना ते अर्धवट वाटेल, ते म्हणाले.

"वाटू द्या."

माझा आवाज चढला नव्हता. मग त्यांनी नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. कळवलं नाही.

प्रदर्शन होऊन गेलं. चित्र उस्मानपुऱ्यात आमच्या पुढच्या खोलीत टांगलेलं आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, ते पूर्ण आहे.