शालीखालची तार

‘वासंती’चं ‘शांती’ झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं, जरा थबकल्या आणि सही तर मिळाली ना, असा चेहरा करून निघून गेल्या. मग एक गृहस्थ आले. ते म्हणाले, “नाव नको, नुसती सही द्या.” त्यांना मिळालं, ‘श्री. नाना यांस सप्रेम.’

मी स्टेजच्या बाजूला माझ्या ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. सही करणाऱ्यांचं नाव आबासाहेब. माजी मंत्री. त्यांचं आत्मचरित्र नुकतंच निघालं होतं आणि नाशिकच्या एका वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. आधी सह्या, मग चहा, मग वाचकांशी चर्चा. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. उन्हाळा असा, की पंखे फक्त गरम हवा इकडून तिकडे करत होते.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. म्हणजे माइक, ॲम्प्लिफायर आणि कर्णे. लग्न असो, जयंती असो, सभा असो, पगारेंचा टेम्पो दारात उभा. या धंद्याचं एक दुखणं आहे. आवाज चांगला आला तर वक्त्याची वाहवा होते, आणि नाही आला तर “ए माइकवाले!” अशी हाक येते. फोटोत आम्ही कधी नसतो, शिव्यांत मात्र पहिला नंबर आमचा.

तर मी बघत होतो. रांगेत एक वकील होते, सफारीतले, आबासाहेबांच्या विरोधी गटाचे. वकिलांनी नाव सांगितलं, पुस्तकावर भलतंच आलं. इतरांसारखं त्यांनी ते सोडून दिलं नाही. वाकून मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, “आबासाहेब, तुमचं पुस्तक अगदी भिकार आहे.”

आबासाहेब प्रसन्न हसले. म्हणाले, “आभारी आहे. सगळं तुम्हा लोकांचं प्रेम.”

वकीलसाहेबांचे डोळे चमकले. माझ्यासमोरून जाताना ते सोबत्याला म्हणाले, “ठार बहिरा झालाय रे! चर्चेला जाम मजा येणार.”

खरं तर माझं काय जात होतं? पण म्हाताऱ्या माणसाची हॉलभर फजिती होणार, तीही माझ्या माइकवर, हे काही मला पटेना. मी उठलो आणि आबासाहेबांची मुलगी सुमनताई खुर्च्यांपाशी उभ्या होत्या, त्यांना गाठलं.

“ताई, साहेबांना ऐकू येत नाही का?”

त्या दचकल्या. “कोण म्हणालं?”

“कुणी म्हणायची गरज आहे का? ते नाना कोण, विचारा.”

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी मला पडद्यामागं नेलं. उजवा कान पार गेलेला, डाव्यात थोडी धुगधुगी. कानाचं यंत्र होतं, खिशात ठेवायचं, वायरवालं. पण सभेत ते घातलं की शिट्टी मारायचं, म्हणून रागानं घरी टाकून आलेले. आणि ही गोष्ट बाहेर कळता कामा नये, असा घरात सगळ्यांना दम.

तेवढ्यात वाचनालयाचे कार्यवाह वैद्य सर आले. त्यांना सांगणं भागच होतं. सर म्हणाले, “मग सोपं आहे. लोकांकडून चिठ्ठ्या मागवू.”

“चालणार नाही,” ताई म्हणाल्या. “चिठ्ठ्या मागवणारा पुढारी भित्रा असतो, असं त्यांनी पुस्तकातच लिहून ठेवलंय.”

“मग चर्चा रद्द करू. प्रकृतीचं कारण सांगू.”

“प्रकृतीचं? ते स्टेजवर जोर मारून दाखवतील!”

मी म्हणालो, “चहा जरा लांबवा. मी बघतो काय होतंय.”

आता अडचण काय होती ते सांगतो. पहिल्यांदा मनात आलं, स्टेजवर त्यांच्यासमोर एक स्पीकर ठेवावा. पण समोरच त्यांचा माइक. स्पीकरचा आवाज माइक पकडणार, तो परत स्पीकरमधून मोठा होऊन येणार, तो परत माइकमध्ये, आणि मग अशी शिट्टी, की पहिल्या रांगेतले लोक कानांत बोटं घालून पळणार. आमच्यात याला हाऊलिंग म्हणतात. त्यांचं यंत्रही त्यामुळंच ओरडायचं. म्हणजे आवाज हवेतून नेऊन उपयोग नव्हता, तो तारेतूनच थेट कानापर्यंत न्यायला हवा होता.

माझ्या पेटीत ट्रान्झिस्टरचा ईअरफोन होता, शेंगदाण्याएवढा, एका कानाचा. क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायला ठेवलेला. शिवाय बॅटरीवरचा एक छोटा ॲम्प्लिफायर होता. प्रेक्षकांत फिरणाऱ्या माइकच्या तारेला मी मधेच फाटा काढला. एक फाटा मोठ्या ॲम्प्लिफायरला, म्हणजे हॉलसाठी. दुसरा छोट्याला, म्हणजे फक्त आबासाहेबांच्या कानासाठी. आवाजानं उरलासुरला कान जाऊ नये म्हणून मध्ये आवाज कमी करणारं रेझिस्टन्स टाकलं.

तार लपवायची कुठं? ते काम वैद्य सरांनी केलं, स्वतःला न कळता. ते हातात सत्काराची शाल घेऊन उभे होते. ताईंनी ती ओढूनच घेतली. तार कोटामागून वर, कॉलरपाशी शाल, कानावर टोपी जरा खाली. झालं!

आबासाहेब सुरुवातीला तडकलेच. “मला काय झालंय? मला नीट ऐकू येतं!”

ताई त्यांच्या डाव्या कानापाशी ओरडल्या, “मग ते नाना कोण?”

“कोण मामा?”

पुढं काही वाद झाला नाही.

मी हॉलच्या पार टोकाला गेलो आणि माइकमध्ये हळूच म्हणालो, “हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री.” स्टेजवर आबासाहेब ताडकन ताठ बसले. तिकडून ओरडले, “अहो, पुढचं काही येतं का तुम्हाला? तीस वर्षं माइकवाल्यांकडून हेच ऐकतोय!”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

चर्चा सुरू झाली. पहिल्या दोघातिघांनी विचारलं आणि आबासाहेबांनी टोलवलं. एका मास्तरांनी मागच्या रांगेतून पुटपुटत विचारलेलं, हॉलमध्ये निम्म्यांना कळलं नाही, ते साहेबांना कळलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एवढ्या उकाड्यात शाल काढत नाहीत, केवढा मान राखतात सत्काराचा, असंही कुणीतरी म्हणालं. शालीखाली बिचारे घामानं निथळत होते.

माझ्या कामाची एक रीत इथं सांगायला हवी. प्रेक्षकांच्या माइकवरचा खटका मी चिकटपट्टी लावून कायम चालू ठेवायचो. नाहीतर लोक तो चुकून बंद करतात आणि बोंब माझ्या नावानं. मग एकाकडून दुसऱ्याकडं माइक जाताना खडखड होऊ नये म्हणून मी ॲम्प्लिफायरवर आवाज खाली करायचो. त्या दिवशीही करत होतो. पण फक्त मोठ्या ॲम्प्लिफायरचा. छोट्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे हॉलसाठी माइक मुका व्हायचा, आबासाहेबांच्या कानात मात्र चालूच.

वकीलसाहेबांचा नंबर आला. ते उभे राहिले. माइक तोंडापाशी धरला. ओठ हलायला लागले, पण आवाज येईना! मला दरदरून घाम फुटला. आवाज वाढवला, काही नाही. आणखी वाढवला, तर कर्ण्यानं अशी किंकाळी फोडली, की वैद्य सर खुर्चीतून उठलेच. सगळा हॉल माझ्याकडं वळला. “ए माइकवाले!” आलंच.

वकील ओठ हलवून झाले आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. गालात हसत.

आबासाहेबांनी मान डोलावली. “फार मोलाचा प्रश्न,” ते म्हणाले. मग माइक जवळ ओढला आणि उत्तर द्यायला लागले. नुसते ओठ हलवून! आवाज शून्य. मधेच टेबलावर मूठ आपटली. एक बोट वर केलं. छातीवर हात ठेवला. शेवटी दोन्ही हात जोडले. मग खणखणीत आवाजात विचारलं, “काय वकीलसाहेब, झालं ना समाधान?”

हॉल असा काही हसला, की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. वकील खाली बसले. बसले म्हणजे काय, दिसेनासेच झाले.

झालं होतं असं, की माइक हातात आल्यावर वकिलांनी सोबत्याला कुजबुजत आपला बेत सांगितला होता. आवाज काढत नाही, नुसते ओठ हलवतो, बघ म्हातारा काय उत्तर देतो ते. हॉलला ऐकू गेलं नाही. कानातल्या शेंगदाण्यानं सगळं सांगितलं. आता आबासाहेबांच्या कानाबद्दल शंका घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. ताईंनी माझ्याकडं बघून हात जोडले. जिंकलो आपण, असं मला वाटलं.

मग माइक एका शेतकऱ्याकडं गेला. त्यांनी नाव-गाव सांगितलं, केदूभाऊ, चांदवडकडचे. म्हणाले, “साहेब, पुस्तक चांगलं हाय. आमची पोरगी रोज वाचून दावती. बस, येवढंच.” आणि खाली बसले.

टाळ्या झाल्या. मी हॉलचा आवाज खाली केला. पण आबासाहेब काही बोलेनात. टेबलाकडं बघत राहिले. तार निसटली की काय, म्हणून मी छोटा ॲम्प्लिफायर तपासला. सगळं ठीक. ताईही कावऱ्याबावऱ्या झाल्या.

मग ते म्हणाले, “आत्ता जे बसले त्यांनी पुन्हा उठावं. फरशीचं विचारा.”

केदूभाऊ उठले, घाबरून. “म्या तर काय इचारलंच नाय, साहेब.”

“मला नाही विचारलंत. शेजारच्यांना म्हणालात. ‘फरशीचं इचारायचं व्हतं, पन जाऊ द्या, म्हातारं मानूस, चारचौघांत कशाला खाली पाह्यला लावायचं.’ बरोबर?”

केदूभाऊंनी हातच जोडले. “चुकलं, साहेब.”

“तुमचं नाही चुकलं.”

असं म्हणून आबासाहेबांनी शाल काढून टेबलावर ठेवली. टोपी वर केली, कानातून ईअरफोन ओढून काढला आणि तार सगळ्यांना दिसेल अशी हात उंच करून धरली. ताई “अहो बाबा!” म्हणाल्या, पण ते आता त्यांना ऐकू येणार नव्हतं.

“मी बहिरा आहे,” ते म्हणाले. “इतका वेळ या तारेवर ऐकत होतो. वकीलसाहेबांचा डाव मला या तारेनं सांगितला, त्यात माझी काही हुशारी नाही. आणि या भाऊंचंही तिनंच सांगितलं. यांच्या गावच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल हो, ती झाली, असं मी पुस्तकात लिहिलंय. नारळ मी फोडला होता. पुढं काय झालं ते बघायला गेलो नाही. झाली असेल असं धरून लिहून टाकलं. भाऊंनी मला सांभाळून घेतलं. पण मला सांभाळून घेऊन ओढा कुणी ओलांडू शकत नाही.”

माझी तार त्यांच्या हातात लोंबत होती आणि मला कळेना, आता हसायचं की रडायचं.

तेवढ्यात केदूभाऊ मोठ्यानं म्हणाले, “पन साहेब, त्या नारळाचं खोबरं लय गोड व्हतं!”

हॉल फुटला. आबासाहेब गोंधळून ताईंकडं वळले, “काय? काय म्हणाले?” ताईंनी डाव्या कानात ओरडून सांगितलं. आणि मग सगळ्यांच्या मागून, एकटेच, ते जे हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना बघून लोक पुन्हा हसले. वकीलसुद्धा.

पुढची चर्चा तार उघड्यावर ठेवून झाली. लोक मुद्दाम सावकाश बोलत होते. एका आजींनी तर माइक न घेता थेट स्टेजवर जाऊन कानात प्रश्न विचारला. काय विचारलं ते दोघांनीही सांगितलं नाही.

सगळं आवरताना आबासाहेब माझ्यापाशी आले. ईअरफोन परत दिला. मी म्हणालो, “माफ करा साहेब, छोट्याचा आवाज बंद करायला विसरलो. तुमचं सगळं फुटलं माझ्यामुळं.”

“पगारे,” ते म्हणाले, “मी मंत्री होतो तेव्हा दोन्ही कान ठणठणीत होते. पण लोक समोरून गेल्यावर काय बोलतात, ते आज पहिल्यांदा ऐकलं.”

मी ईअरफोन त्यांच्या हातात परत ठेवला आणि त्यांची मूठ बंद केली. कॉमेंटरी काय, शेजारच्या हॉटेलातही ऐकता येत होती.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या ओळीच्या जागी त्यांनी छापायला लावलं, ‘ही फरशी अद्याप झालेली नाही.’ केदूभाऊंच्या गावची मंडळी ते पान घेऊन साहेबलोकांची दारं ठोठावत फिरली. माजी मंत्र्यानं स्वतः छापलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. फरशी झाली. म्हणजे पहिली आवृत्ती खोटी होती, आणि दुसरी खरी होती तर ती फरशीनं खोटी पाडली.

माझ्या धंद्यापुरतं मी एवढं शिकलो. माइक हातात असताना माणूस बरं बोलतो, खाली ठेवताना खरं बोलतो. तेवढा वेळ साउंडवाल्यानं आवाज बंद ठेवावा, आणि पुढाऱ्यानं कान उघडा.