पहिलीसाठी पोरं हवीत

नोकरीला लागले त्या वर्षी मला गावातली मुलं कमी करायला पाठवलं होतं. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मुलं शोधायला पाठवलं. गाव तेच, आमगावजवळचं.

तेव्हा आम्हा शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायचं टार्गेट असे. माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं आणि मी दारोदार बायकांना ऑपरेशनचे फायदे सांगत फिरायची. सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एकच तयार झाली, तीन लेकरांची आई. धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा करता करता तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चाल, येतो मी. पन सासूले तू सांगजो." सासूला मी सांगितलं. सासूनं मला खराटा घेऊन अंगणाबाहेर काढलं. बाई मात्र आलीच.

या उन्हाळ्यात आमचे मुख्याध्यापक रडवेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पहिलीत एकही नाव नाही." मग मी फुलचूरच्या घरून स्कूटीवर रोज लवकर निघायचं आणि दोघांनी गाव पालथं घालायचं, असं ठरलं. एका घरी म्हातारा-म्हातारी, दुसऱ्या घरी कुलूप. तिसऱ्या घरी सहा वर्षांचा खरोखरचा मुलगा सापडला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला उचलूनच घेतलं. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "त्याची ॲडमिशन झाली ना, इंग्लिश मीडियमले." सरांनी त्याला हळूच खाली ठेवलं.

चौथं घर तेव्हा ऑपरेशनला आलेल्या त्या बाईचं. आता केस पांढरे, आवाज तोच.

"काऊन वं बाई, का पाह्यून राहिली?"

"काकू, पहिलीसाठी पोरं हवीत."

ती डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत राहिली. "तूनंच तं बंद करवलं माह्यं! आता पोट्टे कायले मांगून राहिली?"

सर एकदम विजेच्या खांबाकडे पाहू लागले. मला हसावं की माफी मागावी कळेना. मी विचारलं, "राग आहे का माझा?"

"राग कायचा? तिघंही शिकले. पन एक पुण्याले, एक हैदराबादले, पोरगी नागपूरले. तिघाईच्या घरी एकेकच लेकरू. दुसऱ्याचं नाव काढलं का सून फोन ठेवून देते." मग तिनं चपला घातल्या. "चाला, पोट्टे दाखवतो."

ती आम्हाला गावाबाहेरच्या राईस मिलवर घेऊन गेली. मिलमागे छत्तीसगडहून आलेल्या मजुरांच्या खोल्या होत्या आणि खोल्यांपुढे पाच-सहा मुलं भुश्याच्या ढिगावरून घसरत होती. इतकी मुलं एका जागी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सर तर मनातल्या मनात हजेरी घेऊ लागले.

एक बाप मुलांकडे बोट दाखवून संकोचत छत्तीसगडीत म्हणाला, "लइका मन ला मराठी नइ आवय."

मी काही बोलायच्या आत काकू पुढे झाल्या. "अरे भाऊ, इस बाई का खुद का लगन नहीं हुआ था, तो भी मेरे को ऑपरेशन समझाती थी. इसको सब जमता है!"

बाप हसला, त्याची बायको त्याहून जास्त. पाच नावं लागली.

आता पहिली-दुसरी एका खोलीत बसते. मी मिलवरच्या मुलांना मराठी शिकवते, ती मला छत्तीसगडी शिकवतात आणि त्यांची प्रगती माझ्यापेक्षा बरी आहे. दिवाळीआधी केंद्रप्रमुख तपासणीला आले. बेडकाचं चित्र उंच धरून त्यांनी विचारलं, "सांगा, हा कोण?"

"मेचका!" सगळा वर्ग छत्तीसगडीत ओरडला. त्यात दुसरीतली गावची मुलं सगळ्यात मोठ्यानं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले.