तीन माणसांची बोट आणि माझ्या दोन बॅटऱ्या

आमच्या खानदानात बॅटरीतलं कळणारा एकटा मीच आहे, कारण आमच्या घरी इन्व्हर्टर आहे.

हे मी कधी स्वतःहून सांगितलेलं नाही. लोकच समजून चालतात आणि मी नाही म्हणत नाही. मुखेडजवळ माझी सासुरवाडी. तिथल्या तलावात मधोमध उंचवट्यावर महादेवाचं देऊळ आहे आणि तिथं भक्तांना नेणारी एकुलती एक बोट माझ्या मेव्हण्याची, शिवराजची. तीन माणसांची बोट (एक चालवणारा, दोन भक्त), मागं छोटी मोटार, मोटारीला दोन बॅटऱ्या. वल्हीही होती, पण मोटार आल्यावर शिवराजनं एक वल्हं म्हशीच्या गोठ्याला अडसर म्हणून लावलं आणि ते म्हशीनं मोडलं. एका वल्ह्यानं बोट जागच्या जागी गोल फिरते. आम्ही करून पाहिलंय.

आता लेकीला नोकरी लागावी म्हणून आमच्या हिनं, म्हणजे सुनंदानं, त्या महादेवाला सोळा सोमवार बोलले होते. पंधरा तिनं एकटीनं केले. सोळावा नवरा-बायकोनं जोडीनं करायचा, आणि एक जरी सोमवार चुकला तर पुन्हा एकपासून मोजायचं. पंधराव्या सोमवारी परत येताना बोटीच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. मासेमारांनी बोट दोरीनं ओढून काठाला लावली.

"आता वं कसं?" हिचा चेहरा एवढासा झाला होता.

"मी आणतो लातुराहून," मी म्हणालो. म्हणजे तोंडातून निघून गेलं.

शिवराजनं फोनवर दोनदा सांगितलं, "दाजी, जुनी एक नमुन्याला घेऊन जा. तसल्याच दोन आणा." नमुना न्यायला मी काय नवखा होतो? गेलो तसाच, हात हलवत.

दुकानदारानं विचारलं, इन्व्हर्टरला पाहिजे का ट्रॅक्टरला? मी म्हणालो, बोटीला. ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथं बोटीची बॅटरी मागणारा माणूस त्यानं नीट खालून वर न्याहाळला. मग त्यानं जे प्रश्न सुरू केले! मोटार किती व्होल्टची? किती तास चालवता? पाणी टाकायची पाहिजे का बिनपाण्याची?

"बिनपाण्याची पाण्यावर चालंल का?" मी विचारलं.

त्यानं मला पुन्हा एकदा न्याहाळलं. मग म्हणाला, चालंल.

त्यानं सहा-सात बॅटऱ्या मांडल्या. ही दीडशे अँपिअरची, ही ऐंशीची, ही जास्त टिकते, ही लवकर भरते, हिची हमी तीन वर्षं, हिची पाच, पण तीनवालीच बरी. मी प्रत्येकीला "हाव हाव" म्हणून राहिलो होतो आणि डोक्यात नुसता चिखल झाला होता. शेवटी त्यानं एक नव्या तऱ्हेची काढली. लिथियमची. ती त्यानं एका हातानं उचलून माझ्या हातात दिली. किंमत ऐकली आणि मला संशयच आला. एवढ्या पैशात एवढी हलकी? आत काही हाय का न्हाई?

आमच्याकडं बॅटरी घ्यायची एक पद्धत आहे. उचलून बघायची. जड ती खरी. जुनी मोडीत देताना वजनावर जाते, मग नवी घेताना वजन नको का बघायला? मी शर्टाच्या बाह्या सारल्या आणि एकेक उचलत गेलो. जी मला उचललीच गेली नाही, तसल्या दोन घेतल्या.

"साहेब, ह्या घरच्या इन्व्हर्टरच्या हायत. एकेक साठ किलोची. बोटीला लई होतील," दुकानदार म्हणाला.

मला वाटलं, ह्याला लिथियम खपवायचीय.

टेम्पोनं त्या रविवारी संध्याकाळी तलावावर पोचल्या. चौघांनी उतरवल्या. शिवराज बघतच राहिला. एवढंच म्हणाला, "दाजी, नमुना नेला नव्हता ना?"

सोमवारी सकाळी बॅटऱ्या बोटीच्या मध्यात ठेवल्या. बसायची फळी काढावी लागली, म्हणून बॅटरीवर पोतं अंथरलं. शिवराज बसला, ही ताट घेऊन बसली, मी पाय ठेवला. पाणी बोटीच्या काठावरून आत आलं आणि हिच्या पैठणीचा काठ भिजला. ही उतरली. तरी पाणी येतच होतं. मग मी उतरलो आणि ही बसली, तर बोट पाण्यावर चांगली चार बोटं राहिली! (पंधरा सोमवार उपवास हिनं केला होता आणि साबुदाण्याची खिचडी मी खाल्ली होती.) म्हणजे दोन फेऱ्यांतही माझी सोय नव्हती. एक बॅटरी काढावी तर एकीवर ती मोटार हूं का चूं करत नाही. थर्माकोलवर बसून जाळी टाकणारे मासेमार जवळच होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी तोंडं फिरवली.

"अक्का, पूजेची वेळ चाललीय," शिवराज हळूच म्हणाला.

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा सोमवार कडक उपाशी राहिलेली बायको, आणि शेवटच्या सोमवारी तिच्या वाटेत मी, तोही नव्वद किलोचा. मी म्हणालो, तू जा, देवाला माझी चूक सांग. ती ताट सावरत गेली. मी काठावर हात जोडून उभा राहिलो.

तासाभरानं बोट परत आली. ही हसत होती.

"जमलं का गं? जोडीनं पाहिजे होतं ना?"

"गुरवानं तुमच्या जागी सुपारी मांडली," ती म्हणाली. "नवरा हजर नसला तर चालतंय म्हणे. लई शांततेत झाली बगा पूजा. मधी कुणी बोललं न्हाई, कुणी काही सुचवलं न्हाई."

दीड महिन्यात लेकीला नोकरी लागली. सुपारी हिनं जपून देवघरात ठेवलीय.

परवा आमची पाण्याची मोटार जळाली. नवी आणायला मी चपला घातल्या, तर ही म्हणाली, "तुम्ही बसा." आणि देवघरातली सुपारी पर्समध्ये टाकून एकटीच दुकानात गेली.